फ्योर्ड घोडा 'शांत' असतो म्हणजे नेमका कसा असतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नॉर्वेत स्टाव्हांगरजवळ राहणाऱ्या एका मराठी कुटुंबातली ११ वर्षांची मुलगी दोन वर्षं रायडिंग स्कूलमध्ये फ्योर्ड या नॉर्वेच्याच जातीच्या घोड्यावर शिकते आहे. जवळच्या एका शेतकऱ्याकडे १४ वर्षांची फ्योर्ड घोडी आहे आणि तो ती 'हाल्वफोर' पद्धतीने द्यायला तयार आहे. म्हणजे घोडी त्याचीच, राहणार त्याच्याच तबेल्यात, पण आठवड्यातले तीन दिवस तिची देखभाल आणि स्वारी या कुटुंबाकडे, आणि त्यासाठी महिन्याला ठरावीक पैसे. आईवडिलांना घोड्यांचा अनुभव नाही. वडिलांनी लिहिलंय, "ताई, सगळे म्हणतात फ्योर्ड शांत असतो, नवख्यांनी घ्यायचा तर हाच घ्यावा. आम्हीही जाऊन पाहिलं. घोडी नुसती उभी असते, काहीच करत नाही. मग हो म्हणायला हरकत आहे का?"

मी मूळची अकोले तालुक्यातली. गेली १९ वर्षं पश्चिम नॉर्वेत घोड्यांसोबत काम करते. आधी तबेल्यात मोतद्दार होते, मग घोड्यांना गाडीला जुंपायला शिकवायचं काम केलं, आणि अलीकडची काही वर्षं उपचारात्मक स्वारीचे घोडे माझ्याकडे असतात. हाताखालून गेलेल्यांपैकी बहुतेक फ्योर्डच. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

सरळ उत्तर आधी देते. हो, फ्योर्ड खरोखरच शांत असतो, आणि अकरा वर्षांच्या मुलीसाठी समजूतदार, मध्यमवयीन फ्योर्ड घोडीपेक्षा चांगली सोबत मला सुचवता येणार नाही. पण तुमच्या पत्रातल्या 'काहीच करत नाही' या शब्दांपाशी मी थांबले. फ्योर्ड बरंच काही करत असतो. तो ते कानांनी, नाकपुड्यांनी, जबड्याने करतो, आणि नवख्या माणसाची नजर मात्र पायांकडे असते. सारंगखेड्याच्या बाजारात नाचणारे मारवाडी आणि काठियावाडी घोडे बघून ज्यांच्या मनात घोड्याचं चित्र तयार झालंय, त्यांना फ्योर्ड झोपल्यासारखाच वाटणार. मलाही पहिल्या महिन्यात तसंच वाटलं होतं.

हा स्वभाव आला कुठून ते समजलं की पुढचं सोपं जातं. पश्चिम नॉर्वेत डोंगर थेट समुद्राच्या फाट्यात उतरतात. शेत म्हणजे डोंगर आणि पाणी यांच्या मधली चिंचोळी, उतरती पट्टी. अशा शेतावर दोन-तीन घोडे परवडत नसत, एकच असे. तोच वसंतात नांगर ओढायचा, उन्हाळ्यात डोंगरावरच्या कुरणातून लोणी-चीज पाठीवर घेऊन खाली यायचा, गवताचे भारे वाहायचा, हिवाळ्यात रानातून ओंडके खेचायचा आणि रविवारी घरच्यांना चर्चला न्यायचा. किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत पुरुषमाणसं मासेमारीला गेलेली असत, शेत बायका, म्हातारी माणसं आणि पोरं बघत. चावणारा, लाथा झाडणारा किंवा बर्फ घसरल्याच्या आवाजाने गाडीसकट पळत सुटणारा घोडा अशा घराच्या उपयोगाचा नव्हता. तसा घोडा ठेवला जात नसे आणि त्याची शिंगरंही पुढे वाढत नसत. हे पिढ्यान् पिढ्या चाललं.

एकोणिसाव्या शतकात लोकांना घोडा जरा मोठा हवा होता म्हणून पूर्व नॉर्वेतल्या डोले जातीशी संकर करून बघितला गेला. पुढच्या पिढ्यांत रंग, ठेवण, स्वभाव सगळंच विस्कटलं. शेवटी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संकरित नर पैदाशीतून बाजूला काढले आणि शुद्ध वंशावर पुन्हा मेहनत घेतली गेली. १८९१ साली जन्मलेला न्योल नावाचा नर आजच्या सगळ्या फ्योर्ड घोड्यांच्या वंशवेलीत सापडतो. काही घोड्यांच्या गालावर किंवा अंगावर लहान तपकिरी ठिपके असतात, त्यांना आजही न्योलच्या खुणा म्हणतात. तुमच्या घोडीच्या गालावर आहेत का बघा, मुलीला आवडेल. आजही पैदाशीला ठेवायच्या नराची ठेवण आणि चाल बघतात, तसंच तो स्वारीत आणि गाडीत कसा वागतो हेही तपासतात. पश्चिम नॉर्वेतल्या नूरफ्योर्डआइड गावी वसंतात या नरांचं प्रदर्शन भरतं. तिथे बँड, गर्दी, पोरांचा गलका, आणि त्या सगळ्यात शेजारी शेजारी उभे असलेले पूर्ण वाढीचे नर. जमलं तर एकदा जाऊन या.

माझ्या माहेरी डांगी बैल होते. खिल्लारी बैलाचा तोरा त्यांच्यात नाही आणि शर्यतीत ते कुणाला हरवणार नाहीत. पण आमच्याकडच्या पावसात, भातखाचराच्या चिखलात, निसरड्या उतारावर दिवसभर पाय रोवून काम करायचं तर डांगीच. फ्योर्ड पहिल्यांदा नीट कामाला लागलेला बघितला तेव्हा मला तेच आठवलं. पाऊस कोसळतोय, उतार निसरडा झालाय, आणि जनावर प्रत्येक पाऊल टाकण्याआधी जमीन जोखतंय. घाई नाही म्हणून पडणं नाही. वडील सांगायचे, बैल कसा आहे ते त्याच्या चालीवरून ठरवू नको, रवंथ करतोय का ते बघ. घोडा रवंथ करत नाही, पण वडिलांच्या त्या सांगण्याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

आता रोजच्या व्यवहारात ही शांतता कशी दिसते ते सांगते. घोडा मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी. तो बुजतो, आणि फ्योर्डही बुजतो. फरक क्रमाचा आहे. कित्येक घोडे आधी पळतात आणि मग वळून बघतात. फ्योर्ड बहुतेक वेळा आधी थांबतो, मान उंचावतो, कान टवकारतो, नाकपुड्या फुगवून फुरफुरतो आणि बघतो. शेताच्या कडेला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले गवताचे पांढरे गोल गठ्ठे असतात, ज्यांना इथली पोरं 'ट्रॅक्टरची अंडी' म्हणतात. काल तिथे नसलेला गठ्ठा आज आहे एवढंच कारण त्याला पुरतं. या थांबण्यात दोन-तीन सेकंद मिळतात. मुलीसाठी फ्योर्ड सुरक्षित ठरतो तो या सेकंदांमुळे. तेवढ्यात तिने श्वास सोडला, लगाम न आवळता घोडीला बघू दिलं, तर घोडी एक दीर्घ उसासा टाकते, जबडा हलवते आणि पुढे चालू लागते. पण त्याच सेकंदांत मागून कुणी टाच मारली, "चल, काही नाही ते" म्हणून ढकललं, तर शांत घोडासुद्धा वळून निघतो. आणि ४५० किलोचं अंग एकदा निघालं की ते थांबवणं अकरा वर्षांच्या हातांचं काम नाही.

तबेल्याच्या दारातला प्रसंग तर रोजचा. बाहेर बर्फाचा लख्ख उजेड, आत अंधार, आणि घोडी उंबऱ्यावर अडते. लोक म्हणतात, अडेलपणा करतेय. घोड्याचे डोळे उजेडातून अंधारात यायला आपल्यापेक्षा बराच जास्त वेळ घेतात. तिला समोर दार दिसतच नाही, काळं भोक दिसतं. आतला दिवा आधी लावा आणि दहापर्यंत मोजा. यापलीकडे काही लागत नाही.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते पुढच्या गोष्टीबद्दल. यात चूक माझी होती.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे १७ वर्षांची एक घोडी होती. मी तिला माई म्हणायचे. उपचारात्मक स्वारीत, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, तिने कितीतरी मुलांना पाठीवर घेतलं. पाठीवरचं मूल अचानक ओरडलं, आयाळ धरून ओढू लागलं, एका बाजूला कललं तरी ती पाऊल बदलून त्याच्या वजनाखाली स्वतःला आणायची. एका वसंतात ती नेहमीपेक्षाही शांत झाली. मुलांना चढवायच्या पायरीपाशी आणली की खांबासारखी उभी. बाहेर कुणी बादली आपटली तरी कान हलवायची नाही. सगळे कौतुक करायचे, मीही केलं. वय झालं, आता मुरली, असं मी मनाशी म्हटलं. पुढे तीन-चार आठवड्यांनी नालबंद आला. पुढच्या खुराचा तळ तासताना त्याने मला जवळ बोलावलं आणि दाखवलं. खुराच्या कडेची पांढरी रेघ रुंदावलेली, तिच्यात रक्ताचे बारीक ठिपके. बाहेरच्या बाजूला खुरावर वळ्या, टाचेकडे एकमेकींपासून लांब गेलेल्या. डॉक्टरांना बोलावलं, रक्त तपासलं, इन्सुलिन वाढलेलं निघालं. लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या, हाड धरून ठेवणाऱ्या थराची सूज. ती कितीतरी दिवस दुखऱ्या पायांवर मुलांना फिरवत होती, आणि मी तिला शाबासकी देत होते.

तिला बरं व्हायला आठ महिने लागले. ती खरंच बरी झाली हे मला एका संध्याकाळी कळलं. मी बादल्या धूत होते आणि तिने मागून येऊन खाद्याच्या पेटीचं झाकण नाकाने उचललं. पूर्वी ती हे रोज करायची. मधल्या काळात ते कधी बंद झालं ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तेव्हापासून मी फ्योर्डची शांतता एका गोष्टीवरून तपासते: तिच्यात कुतूहल आहे का? निरोगी, निर्धास्त फ्योर्ड उभा असतो तेव्हा त्याचा एक कान तुमच्याकडे असतो, एक दाराकडे. तुमचा खिसा हुंगतो. नवीन बादली दिसली की जाऊन बघतो. एक मागचा पाय सैल सोडून उभा राहतो, खालचा ओठ ढिला असतो, थोड्या वेळाने पाय बदलतो. आणि गप्प झालेला घोडा? तोही हलत नाही, पण त्याचे कान बाजूला किंवा मागे अडकून बसतात, डोळ्याच्या वरची कातडी त्रिकोणी ओढली जाते, जबड्याचा स्नायू दगडासारखा लागतो, नाकपुडी ताठ होते. पुढचे दोन्ही पाय आळीपाळीने उचलून ठेवत असेल, किंवा वजन मागे टाकून उभा असेल, तर त्या दिवशी स्वारी नाही, थेट डॉक्टर. वडील बैलाचं रवंथ बघायचे, तसं मी फ्योर्डचा जबडा बघते.

आणखी एक गोष्ट शिकून ठेवा, ती मुलगीही सहज शिकेल. जबड्याच्या खालच्या कडेला, गालाच्या गोलाईपाशी, बोटांना एक नाडी लागते. निवांत उभ्या मोठ्या घोड्याचे ठोके साधारण मिनिटाला २८ ते ४४ असतात. तुमच्या घोडीचे रोजचे किती आहेत ते आठवडाभर लिहून ठेवा. मग कधी ती मूर्तीसारखी उभी असेल आणि नाडी ६० लागली, तर ती शांत नाहीये हे तुम्हाला कळेल. फक्त हलत नाहीये.

आता मानेबद्दल. फ्योर्डची मान जाड आणि कमानदार असते, त्यावर ती मधे काळी रेघ असलेली, उभी कापलेली आयाळ, सगळ्या फोटोंत दिसणारी. हीच मान घोड्याच्या हातातलं सगळ्यात मोठं हत्यार आहे. कधीतरी, बहुतेक वसंतातल्या पहिल्या हिरव्या गवतापाशी, त्याला शोध लागतो की खांदा आडवा टाकून, मान बाहेर वळवून चालायला लागलं की दोर धरलेलं माणूस मागून घसरत येतं. यात राग नाही, बुजणं नाही. अगदी शांतपणे निघून जातो. फ्योर्ड हुशार आहे आणि खाण्याच्या बाबतीत त्याची स्मरणशक्ती अफाट आहे, त्यामुळे हे एकदा जमलं की तो विसरत नाही. रायडिंग स्कूलमध्ये आजूबाजूला मोठी माणसं असतात म्हणून मुलीला हे कदाचित दिसलं नसेल. शेतावर दिसेल.

यावर ताकद उपयोगाची नाही. दोराला लोंबकळणं तर अजिबात नाही, कारण तिथे घोडी दर वेळी जिंकणार आणि दर वेळी शिकणार. दोर ताणण्याआधीचा क्षण पकडायचा. चालताना मुलीने डोक्याच्या जरा मागे, मानेच्या बाजूला असावं. घोडीचं नाक किंचित स्वतःकडे वळलेलं ठेवावं, कारण नाक आत असलं की मान बाहेर वळवून खांद्याचा जोर लावता येत नाही. घोडीने कान गवताकडे नेला की त्याच क्षणी थांबवून दोन पावलं मागे घ्यायचं, मग लगेच दोर सैल. शिकवण त्या सैल सोडण्यात आहे. दाब सुटला म्हणजे मी बरोबर केलं, असं घोडा समजतो. आणि गवत पूर्ण बंद करू नका. एक शब्द ठरवा. आमच्याकडे मी मराठीतच "खा" म्हणते. तो शब्द ऐकला की मान खाली, एरवी नाही. दोन आठवडे घरातल्या सगळ्यांनी एकसारखं पाळलं तर प्रश्न मिटतो. एकाने जरी "जाऊ दे, खाऊ दे तिला थोडं" केलं, तर पुन्हा पहिल्यापासून. आणि म्होरकीचा दोर हाताला कधीही गुंडाळायचा नाही. ही गोष्ट मी प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी सांगते आणि दहाव्या दिवशीही सांगते.

खाण्याचा आणि स्वभावाचा संबंध लोकांना वाटतो त्याहून जवळचा आहे. गरीब जमिनीवरच्या गवतावर, लांब हिवाळ्यात तगून राहिलेली ही जात. थोडक्यात भागवते आणि उरलेलं मानेवर, पाठीवर साठवते. आजच्या खत घातलेल्या कुरणावर मोकळं सोडलं तर फ्योर्ड खाऊन खाऊन आजारी पडतो. माईचं तेच झालं होतं. दुसऱ्या टोकाला, वजन उतरवायचं म्हणून त्याला रिकाम्या तबेल्यात उपाशी ठेवलं तर तुमची शांत घोडी चिडकी होते, दार ठोकते, खरारा करताना दात दाखवते. घोड्याच्या पोटात आम्ल सतत तयार होत असतं, त्यामुळे तासन् तास काही न चावता राहणं त्याला सोसत नाही. मधला रस्ता मेहनतीचा आहे. कमी साखरेचं वाळलं गवत, वजनाच्या साधारण दीड टक्का, म्हणजे ४५० किलोच्या घोडीला दिवसाला ७ किलोच्या आसपास, बारीक जाळीच्या पिशव्यांत भरून चार-पाच वेळा विभागून. गवतातली साखर तपासून मिळते, मालकाकडे तो अहवाल आहे का विचारा. नसेल तर गवत पाण्यात भिजवून, पाणी टाकून द्यायचं, त्याने साखर बरीच कमी होते. चंदीची, म्हणजे धान्याच्या खुराकाची, गरज बहुतेक फ्योर्डना नसते, थोडं खनिज मिश्रण पुरतं. लाड करायला मुलगी गाजरं आणेलच. ती मोजून द्या. शरद ऋतूत रात्री थंडी आणि दिवसा ऊन असतं तेव्हा गवतात साखर साठते, त्या दिवसांत सकाळच्या कुरणापासून विशेष सांभाळा.

उन्हाळ्यात आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे बारीक चावणाऱ्या माश्या. संध्याकाळी वारा पडला की त्या ढगासारख्या येतात, आणि ज्या घोड्यांना त्यांच्या चाव्याची ॲलर्जी असते ते शेपटीचं मूळ आणि आयाळ खांबावर घासून रक्तबंबाळ करतात. अशा घोड्याकडून शांतपणाची अपेक्षा ठेवणं अन्याय आहे. जाळीचं पांघरूण आणि स्वारीची वेळ बदलणं, एवढ्यावर बरंच निभावतं.

सोबत हवी, हे मी सांगायला नको इतकं उघड आहे, तरी सांगते. घोडीला दुसरा घोडा दिसला पाहिजे, हुंगता आला पाहिजे. घोडा उभ्याने डुलक्या घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावं लागतं, रोज अर्धा तास तरी, आणि आजूबाजूला कुणी जागं आहे असं वाटल्याशिवाय तो आडवा होत नाही. कित्येक दिवस नीट न झोपलेला घोडा उभ्या उभ्या गुडघ्यांत वाकतो. बाहेरून तेही 'किती शांत!' असंच दिसतं.

तर घोडी बघायला पुन्हा जा, आणि या वेळी तिला उभी बघू नका. मालकाला सांगा की तिला आधीच पकडून, बांधून ठेवू नका, आम्ही कुरणातून आणायला येतो. माणूस दिसल्यावर ती मान वर करून बघते, चालत येते, की पाठ फिरवते, यात पुष्कळ कळतं. तिला तिच्या जोडीदारापासून दूर, त्याच्या नजरेआड न्या. दोनदा खिंकाळली, कान फिरवले, मग तुमच्याकडे लक्ष दिलं, तर उत्तम. घाम फुटला, गोल फिरायला लागली, तर मुलीसाठी नाही. चारही खूर उचलून बघा आणि त्यांच्यावरच्या वळ्या बघा. मानेच्या वरच्या कडेवर हात दाबून बघा. तिथली चरबी घट्ट, एका बाजूला कलणारी लागली तर खाण्यापिण्याचा इतिहास खोदून विचारा. खोगीर ठेवताना, तंग आवळताना कान कुठे जातात ते बघा. आधी मालकाला स्वारी करायला सांगा, मग मुलीला बसवा, आणि रस्त्याने, एखादी गाडी किंवा सायकल जाईल अशा ठिकाणी थोडं चालवा. दात शेवटचे कधी तपासले, नालबंद किती आठवड्यांनी येतो, हेही विचारा. सहा ते आठ आठवडे हे ठीक उत्तर.

दुसरी भेट शक्यतो नोव्हेंबरात, पाऊस आणि वारा असताना. जूनमधल्या संध्याकाळी सगळेच घोडे शांत असतात. नोव्हेंबरात चार-साडेचार वाजता काळोख पडतो, पत्रे वाजतात, आणि पहिला बर्फ छपरावरून धाडकन घसरतो. तेव्हाही घोडी थांबून बघत असेल आणि उसासा टाकून पुढे जात असेल, तर तुम्हाला जे हवंय ते तुमच्यासमोर आहे. मुलीला रिफ्लेक्टरचं जाकीट घाला आणि घोडीच्या पायांनाही रिफ्लेक्टर लावा.

पत्रात तुम्ही जाता जाता विचारलंय की तुम्हालाही कधी बसता येईल का. घोडीच्या वजनाच्या १५ ते २० टक्के, खोगीर धरून, हा सर्वसाधारण अंदाज आहे. म्हणजे ४५० किलोच्या घोडीवर ९० किलो ही वरची मर्यादा, आणि नवखा स्वार डुलतो म्हणून त्याच्या बरंच खाली राहिलेलं बरं. तुम्ही शेजारून चाललात तरी घोडीला आणि मुलीला तुमचा उपयोग जास्त होईल. पहिले तीन-चार महिने तर तुम्ही किंवा तिची आई, कुणीतरी मोठं माणूस रोज सोबत असलंच पाहिजे. घोडी कितीही गुणाची असली तरी तिला आठवड्यातून एकदा अनुभवी हात लागू द्या. रायडिंग स्कूलची शिक्षिका शेतावर यायला तयार असेल तर तो खर्च पैशांच्या हिशेबात आधीच धरा. मुलीचं रायडिंग स्कूलही सोडू नका.

आणि करार लिहिताना, डॉक्टर आणि नालबंद यांचा खर्च कुणाचा, विमा कुणाचा, सुट्टीत घोडी कोण बघणार, या नेहमीच्या गोष्टींसोबत एक ओळ माझ्या सांगण्यावरून घाला. घोडी नेहमीसारखी वाटली नाही, तर त्या दिवशी स्वारी न करण्याचा निर्णय मुलगी एकटी घेऊ शकेल, आणि तिला कारण सिद्ध करावं लागणार नाही. तेवढ्या दिवसापुरता तिने खरारा करावा, पाणी बदलावं, नाडी मोजून वहीत लिहावी. मालकाला फोन तुम्ही करा.